हौद्यावरचं छप्पर

बाबा गेले तेव्हा पिकअपचं छप्पर अर्धं वर होतं. सकाळी त्यांनी हँडल फिरवून ते उचलून पाहिलं, एक कोपरा मागे राहतोय म्हणून तसंच ठेवलं आणि न्याहारीला घरात आले. भाकरी पुढ्यात होती. त्यानंतरचं आमच्याकडे कुणी फारसं बोलत नाही. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे आले आणि गेले. अंगणात ते छप्पर चार खांबांवर तसंच तिरकं उभं राहिलं. शेजारच्या कोंबड्या त्याच्यावर बसायला लागल्या.

माझ्या वडिलांनी, काळूराम पाटलांनी, आयुष्यभर त्या पिकअपमधून सुताला खळ लावणाऱ्या साइझिंगमधले सुताचे बीम, म्हणजे मोठे रीळ, भिवंडीतल्या यंत्रमागांवर पोचवले. पुढे माझ्या धाकट्या भावाने, भावेशने, गोडाऊनच्या मालासाठी मोठ्या गाड्या घेतल्या आणि पिकअप आमच्या गावी, अंजूरला, दारात उभी राहिली. बाबाही दारात उभे राहिले. दोघांना काम नव्हतं.

राहनाळला रद्दीचं एक गोडाऊन आहे. परदेशातून कागदाचे गठ्ठे येतात, त्यात कधी कधी चांगली मासिकंही असतात. तिथून बाबांनी एक मासिक आणलं. एका पानावर पिकअपचा फोटो होता. तिच्या हौद्यावर, माल ठेवायच्या जागी, खोली होती, खोलीचं छप्पर वर उचललेलं, छपराच्या आणि भिंतीच्या मधे कापड, आणि आत एक म्हातारं जोडपं चहा पीत बसलेलं. मी डोंबिवलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे घरात इंग्रजी काही आलं की ते माझ्यासाठी ठेवलेलं असतं.

"मने, वाच," बाबा म्हणाले.

मी वाचलं. ही माणसं अशा गाडीतून हिंडतात, रानात मुक्काम करतात, वगैरे.

"ते दिसतंय. छप्पर खाली कसं येतं ते सांग."

ते लिहिलेलं नव्हतं. मग ते त्यांनी स्वतः शोधलं. छप्पर खाली यायलाच हवं होतं, कारण आमच्या आळीत विजेच्या तारा इतक्या खाली लोंबतात की उंच खोली गल्लीच्या तोंडापर्यंतही गेली नसती. बाबांनी भंगारात निघालेल्या मागाचा कापड गुंडाळायचा रोलर आणला, त्याचं दातेरी चाक आणि खटका यांच्यासकट. हौद्याच्या चारी कोपऱ्यांना जाड चौकोनी पाइप उभे केले, त्यांच्या आत बारीक पाइप. आतल्या पाइपच्या बुडाला तार, तार वरच्या कप्पीवरून रोलरवर. हँडल फिरवलं की चारी तारा एकदम गुंडाळतात, छप्पर वर जातं आणि खटका ते खाली पडू देत नाही. वेल्डिंग त्यांचे मित्र लडकूकाकांनी केलं. आईला घेऊन कुठे जायचं तेही ठरलं होतं. आधी कार्ल्याला एकवीरा, मग जेजुरी, मग "बघू."

आई या सगळ्याला टपरी म्हणायची.

बाबा गेल्यावर आई घरात बसली. आमच्या घरात रीत अशी आहे की नवरा गेलेल्या बाईला पहिल्यांदा बाहेर काढायचं ते तिच्या माहेरच्यांनी. भावाने नवं लुगडं घेऊन यायचं, तिला घेऊन जायचं, एक रात्र माहेरच्या छपराखाली झोपवायचं. मग ती कुठेही जायला मोकळी. तोवर तिने ओटीची पायरी उतरायची नाही. बहुतेक जणींचं हे तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उरकतं, कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आईचं माहेर खारबावचं. तिथलं घर विठूमामाने पाडलं आणि जमीन गोडाऊनला दिली. त्यावरून आई वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हती. मामा आता भिवंडीत चौथ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा सोडलेली आहे, लिफ्ट आलेली नाही. आईचे गुडघे दोन पायऱ्यांना थकतात.

मामा म्हणाला, "खुर्चीत बसवून चार पोरं वर नेतील, ताई. फुलासारखी नेतील."

आई म्हणाली, "चार जनांनी उचलायचं ते एकदाच. आताच कनाला?"

असे तीन महिने गेले. मधे आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख दोनदा चुकली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पिकलेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी आणखी उशीर करू नका असं सांगितलं होतं. भावेश म्हणाला, दवाखान्याला रीत लागू नसते. मीही म्हणाले. आई म्हणाली, "तुमच्या बापाला दवाखान्यात जा, जा म्हनून मी थकले. तो त्या टपरीत हातोडी मारीत बसला. आता मला शिकवू नका." दोन्ही गोष्टींचा आपसात संबंध काही नव्हता, पण तिच्याशी वाद घालायची आमची हिंमत झाली नाही. ती भात चाचपून वाढायला लागली होती.

कल्पना मला सुचली ती कोंबड्या हाकलताना. माहेरचं घर नाही, पण माहेरची जागा आहे. गोडाऊनच्या आवारात मामाला कुणी अडवत नाही. आणि छप्पर आमच्या अंगणात उभं आहे, चाकांवर. एक रात्र तिथे नेऊन उभं करायचं, एवढंच.

भावेशला ते पटलं नाही. "ताई, मी ती टपरी काढून पिकअप कामाला लावनार होतो."

"आईला बाहेर काढली की लाव."

मग दर रविवारी मी अंजूरला जायला लागले. लडकूकाका दुपारचे यायचे. मागे राहणाऱ्या कोपऱ्याची तार कप्पीत घसरत होती. त्यांनी कप्पी बदलली आणि छप्पर सरळ झालं. राहिलं होतं मधलं कापड आणि आत झोपायची फळी. फळीचं काम सोपं होतं. एक गोष्ट मात्र मला कळेना. दुपारी वरचा पत्रा तापला की आतून सुकटीचा, सुक्या मासळीचा, वास यायचा. बाबा डबा आत खात असतील म्हणून मी तळ फिनाइलने धुतला. पुढच्या रविवारी वास होताच.

"काका, तुम्हाला येतो का वास?"

"मला चाळीस वर्षं वेल्डिंगशिवाय कसलाच वास येत न्हाय," लडकूकाका म्हणाले.

कापडासाठी मी बाबांच्या ओळखीच्या मागवाल्याकडे गेले. त्याच्याकडे तंबूचं जाड सुती कापड निघतं. मागावरून उतरलेला ताका त्याने तसाच दिला. छप्पर पूर्ण वर करून मी माप घेतलं, ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून आणलं आणि वर छपराला, खाली भिंतीला, पट्टी ठोकून बसवलं. ताणून बसलं, सुरकुती नाही. लडकूकाका लांब जाऊन बघून आले आणि म्हणाले, "कंपनीचं वाटतंय." मग गळतंय का ते बघायला आम्ही नळाला पाइप लावून चारी बाजूंनी पाणी मारलं. गळलं नाही. छप्पर खाली घेतलं आणि मी डोंबिवलीला परत गेले.

पुढच्या रविवारी छप्पर वर जाईना. म्हणजे गेलं, पण वीतभर कमी. मी हँडलवर जोर दिला. लडकूकाकांनी माझ्या हातावर हात ठेवून जोर दिला. मागच्या कोपऱ्यातले खिळे एकामागून एक उपटले आणि पट्टी लडकूकाकांच्या टोपीवर आली.

ओटीवरून हसण्याचा आवाज आला. आई खांबाला टेकून बसली होती. तिला नीट दिसलं नसणार, पण खिळे ऐकू आले असणार.

"भिजवलं व्हतं का आदी?" तिने विचारलं.

"काय?"

"कापड. कोरं कापड आटतंय. मी गोधडीला घेतलं तरी रातभर पान्यात ठेवायची." आणि परत हसली. "अख्खी भिवंडी कापड काढते. एकाला म्हाईत न्हाय."

ते खरं होतं. आमच्याकडे कापड विणलं जातं, मोजलं जातं, गठ्ठे बांधून गाडीत चढवलं जातं. धुलाई आणि रंगाईला ते बाहेर जातं. बाबांनी आयुष्यभर सूत वाहिलं, लडकूकाकांनी मोडके माग जोडले, मी मागांच्या आवाजात अभ्यास केला, पण कापड ओलं झाल्यावर काय होतं ते बघायची वेळ आमच्यापैकी कुणावर आली नव्हती.

"वैनी, तुमी आदी बोलायचं ना," लडकूकाका टोपी झटकत म्हणाले.

"मला इचारलं कोनी? मी तर टपरीवाली पन न्हाय."

पण त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून राहिली. आटलेल्या कापडाला खालून जोड द्यायचा ठरला. पिकअपची बीम झाकायची जुनी निळी ताडपत्री घरात होती, तिचीच पट्टी कापली. जोड सरळ आला का ते आईने बोटांनी तपासलं आणि एका ठिकाणी उसवायला लावलं. दिसायला ते वाईट दिसत होतं. छप्पर मात्र पूर्ण वर गेलं. खटका दातांवर टकटक करत गेला आणि थांबला.

माघात एका रविवारी मामा आणि हौसामामी रिक्षाने आले. मामाच्या हातात नव्या लुगड्याची पिशवी होती. आक्का आधीच येऊन बसली होती. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. गावात कुणाकडे रीतीचा प्रश्न आला की तिला बोलावणं जातं, आणि नाही गेलं तरी ती येते. भावेशने पिकअप मागे घेत घेत ओटीला भिडवली. मागचा फाळका सोडला तो ओटीच्या फरशीवर टेकला, मधे बोटभर फट. हे बरं झालं, कारण बाबांनी केलेली लोखंडी शिडी आईच्या कामाची नव्हती. तिच्या पायऱ्या फार लांब लांब होत्या. बाबांनी शिडी करताना तरुणपणची, खाडीच्या खाजणात मासे धरायला उतरणारी बायको डोळ्यांपुढे ठेवली असावी.

मामीने आईला आतल्या खोलीत लुगडं नेसवलं. आई बाहेर आली, फाळक्याशी आली आणि थांबली.

"विठू, आपन कुठं चाललो?"

"खारबावला, ताई. आपल्या जागेत."

"आन् झोपायचं कुठं?"

"ह्याच्यात. मनीनं केलंय ना सगळं."

"गाडी त्यांची," आई म्हणाली. ती बाबांचं नाव कधीच घ्यायची नाही, आक्कासमोर 'ते'च म्हणायची. "टपरी त्यांनी केली. मी परत त्यांच्याच छपराखाली झोपायची, तर पाच म्हयने बसले कनाला?"

"बराबर बोलते ती," आक्का म्हणाली.

"आक्का, जागा तर माहेरची आहे," मी म्हटलं.

"जागेचं कोन बोलतंय? छप्पर माहेरचं लागतं. विठू, घर पाडलंस ते पाडलंस, एक पत्रा तरी ठेवायचा व्हतास बहिनीसाठी."

भावेशने गाडी बंद केली. इतके रविवार मी खिळे, कप्पी, कापड यांचा विचार केला होता आणि आई नेमकं काय विचारेल याचा केला नव्हता. डोळ्यांची तिसरी तारीख घेताच येणार नाही, हे मला दिसायला लागलं.

मामीच पुढे झाली. "वन्सं, लेकीनं येवढं केलंय. जाऊ नका, पन आत बसून तर बघा. फाळक्यावरून चार पावलं. पायरी कुठं उतरायची हाय?"

आईने आक्काकडे पाहिलं. आक्काने थोडा विचार करून मान हलवली. ओटीवरून हौद्यात जाणं हे पायरी उतरण्यात बसत नव्हतं.

मी आईचा हात धरून तिला आत नेलं. छप्पर वर केलेलं होतं, पत्रा तापलेला होता. ती मधोमध उभी राहिली आणि तिने नाक वर केलं.

"आत सुकट कोनी ठेवली?"

"कुणी नाही. तो वास जातच नाही, मी फिनाइल—"

ती माझं ऐकत नव्हती. तिने माझा हात सोडला, दोन्ही हात वर केले आणि छपराच्या खालच्या लाकडी पट्ट्या चाचपायला लागली. एक, दुसरी, तिसरी. तिसऱ्या पट्टीला एक लोखंडी कडी होती, लाकडासारखाच रंग मारलेली. मी तिला कंदील टांगायची कडी समजत होते. आईचा हात तिथे थांबला. बोट कडीत घालून तिने ती फिरवून पाहिली.

"विठू," तिने हाक मारली. "इकडं ये."

मामा वाकून आत आला. वर बघितलं आणि तोही हात लावायला गेला.

"टोपलीची?" आईने विचारलं.

"टोपलीचीच. आपल्या आयने टोपलीत सुकट टांगली की मांजर खालून उड्या मारायचं."

"हितं कशी आयली?"

"दाजी घेऊन गेलेला ना. घर उतरवलं त्या दिवशी पिकअप घेऊन आला. बोलला, वासे मला दे, जुना साग वाकत न्हाय. मला वाटलं, तुला म्हाईत असंल."

"मला कसं म्हाईत असंल? मला बोलला न्हाय तो."

"तू तवा माझं नाव काढू देत व्हतीस काय कोनाला घरात?"

बाबांनी ते वासे चिरून त्यांच्या पट्ट्या केल्या होत्या. लडकूकाकांना त्यांनी फक्त जुनं लाकूड आहे एवढं सांगितलं होतं. बाबांच्या मनात आणखी काही होतं का, ते मला माहीत नाही. पत्र्याखाली ओलं लाकूड वाकतं आणि जुना साग वाकत नाही, हे कारण पुरेसं आहे. कडी मात्र काढता आली असती. चिरताना करवतीला ती आडवी आली असणार, आणि तिला वळसा घालूनच करवत पुढे गेली होती.

आई फाळक्यापाशी आली. "आक्का," ती म्हणाली, "छप्पर माझ्या बापाचं हाय."

आक्काला ऐकून चालणार नव्हतं. ती गुडघ्यावर हात ठेवत आत आली, कडी बघितली, पट्टीला नाक लावलं.

"सुकटच ती," ती म्हणाली. "निघा आता, ऊन खाली व्हायच्या आत पोचा. आन् छप्पर उतरवून न्या रे, तारा हायेत."

खारबावला गोडाऊन रविवारचं बंद होतं. आजोबांचं घर होतं तिथे आता लांबच्या लांब पत्र्याची शेड आहे आणि पुढे माल चढवायचा सिमेंटचा ओटा, ट्रकच्या हौद्याइतका उंच. भावेशला सवयच आहे. त्याने पिकअप मागे घेऊन त्या ओट्याला भिडवली आणि फाळका सोडला. तो बरोबर टेकला. मी हँडल फिरवून छप्पर वर केलं. आई ओट्यावर पाऊल ठेवून बाहेर आली आणि मामाचा हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. चूल कुठे होती यावरून दोघांचं एकमत होईना. मामा शटरच्या डावीकडे म्हणत होता, आई उजवीकडे. शेवटी आई म्हणाली, "तू कवा चुलीजवल गेलास? तू जेवायला बसायचास." मामाने उजवीकडे मान्य केलं.

मामीने डबे आणले होते. भावेश पुढच्या सीटवर झोपला, मामा आणि मामी ओट्यावर सतरंजी टाकून, आई आणि मी आत, कडीच्या खाली. रात्री विशेष काही झालं नाही. डास होते. खाडीकडून वारा आला की आटलेलं कापड आणि निळी पट्टी फुगायची आणि परत बसायची.

सकाळी गोडाऊनचा वॉचमन चहाची किटली घेऊन आला. आझमगडचा, वयस्कर माणूस. त्याने पिकअपला एक पूर्ण चक्कर मारली, छपराखाली डोकावून पाहिलं.

"माताजी, इसमें घूमने निकले हो?"

"घूमने नहीं," आई म्हणाली. "मायके आयी मैं."

त्याने शेडकडे पाहिलं, मग आईकडे, आणि कपात आणखी थोडा चहा ओतला.

निघताना मी खटका उचलून हँडल उलटं फिरवायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "हलू. एकदम सोडू नको." छप्पर हळूहळू खाली आलं, कापडाची घडी आतल्या आत पडली. मामाने तिला ओट्याच्या उतरणीवरून खाली आणलं. पाच महिन्यांनी तिचे पाय मातीला लागले. ते लक्षात आलं ते फक्त मामीच्या. तिने वाकून आईच्या पायावर पाणी घातलं.

परत येताना आई मागे बसली नाही, पुढे भावेशच्या शेजारी बसली. मी खिडकीशी.

अंजूर फाट्याला आल्यावर ती म्हणाली, "भावेश, डोल्यांची तारीक घे."

"घेतो."

"गाडी कामाला लावनार व्हतास?"

भावेशने आरशात मागे पाहिलं. "बघू," तो म्हणाला.

"बघू कनाला? एकवीरेला जायचंय चैत्रात. लडकूला सांग, शिडीला मधी एकेक पायरी घाल. ह्या मापानं मी चढनार न्हाय."

मी तिला म्हटलं, बाबांची शिडी तशीच ठेवून दुसरी करून घेऊ.

"कनाला दुसरी?" ती म्हणाली. "हिच्यातच घाला पायऱ्या. त्याचं माप चुकलं व्हतं."